तीन दाती रॅम

सावळारामतात्यांनी आणलेल्या वस्तूचं आधी कौतुक करायचं, किंमत विचारायची नाही, आणि ती चुकीची आहे असं तर मुळीच म्हणायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम होता. त्यामुळे त्या सकाळी तात्यांनी उपरण्याची गाठ सोडून लालभडक, चकचकीत, अंगाने जाडजूड रॅम, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीची पट्टी, टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांच्या पुतणीने, तेजस्विनीने, आधी तिच्यावरचं लेबल वाचलं.

“बघ,” तात्या म्हणाले. “अंगानं भरलीया का न्हाई? दुकानात दुसऱ्याबी व्हत्या. नुसत्या हिरव्या पट्ट्या, दुष्काळातल्या जनावरावानी. मी म्हणलं, इरफान, ही दे.”

“छान आहे, तात्या. पण मी डीडीआर थ्री सांगितली होती. ही फोर आहे.”

“सांगितली व्हतीस.” तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चुकलेल्या माणसाला समजावून सांगताना ते टोपी काढत. “पण म्हणलं, पोरगी घाईत बोलली असंल. तीन दाती जनावर कुटं असतंय का? आदत असतं, दोन दाती असतं, चार दाती असतं, सहा दाती असतं. दात जोडीनं येत्यात. तीन दाती मी उभ्या जन्मात बघितलं न्हाई. मग ऱ्हायलं काय? दोन नायतर चार. आन वढकामाला चार दाती बरं.”

तेजस्विनी ओतूरच्या कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. गृहीतक चुकलं तरी पुढची प्रत्येक पायरी बिनचूक टाकणारी मुलं तिने पुष्कळ पाहिली होती. त्यांचे मार्क कापताना तिला वाईट वाटे. आत्ताही वाटलं. तिने हसू गिळलं आणि कॅबिनेटचं झाकण उघडलं.

कॉम्प्युटर जुना होता, पण त्याच्यावर फार मोठं काम अवलंबून होतं. पिंपरी पेंढारच्या वरच्या अंगाला त्यांची वस्ती. परवा वस्तीच्या खंडोबाची यात्रा, आणि यात्रा म्हणजे बैलगाडे. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याला बारी म्हणतात. पुढे घोडी, मागे चार बैल. खालच्या रेषेपासून वरच्या निशाणापर्यंत किती सेकंद लागले त्यावर नंबर ठरतो. आजवर ते सेकंद जानकूआबांच्या हातातल्या घड्याळावर मोजले जात. आबा अंगठ्याने घड्याळ चालू करायचे, अंगठ्याने बंद करायचे, आणि तोंडातून आकडा बाहेर पडला की तो देवाचा शब्द.

गेल्या वर्षी यात्रेच्या मीटिंगमध्ये तेजस्विनी उठून म्हणाली होती, की माणसाचा अंगठा डोळ्यापेक्षा मागे राहतो आणि प्रत्येक वेळी सारखाच मागे राहत नाही. सगळे हसले होते. “बाईमाणसाला घाटातलं काय कळतंय,” असं कोणीतरी मागून म्हणालंही होतं. तिने उत्तर दिलं नाही. वर्षभर बसून तिने दोन कॅमेरे जोडले, एक खालच्या रेषेवर, एक निशाणापाशी, आणि दोन्हींची चित्रं एकाच कॉम्प्युटरमध्ये घेऊन त्यावरून वेळ काढण्याची सोय केली. यात्रेचे अध्यक्ष सावळारामतात्या तिच्या पाठीशी उभे राहिले. पुतणीच्या शास्त्रावर त्यांचा विश्वास होता असं नाही. जानकूच्या अंगठ्यावर अजिबात नव्हता, एवढंच. शेवटी कमिटीने ठरवलं: यात्रेच्या आदल्या संध्याकाळी देवळापुढे मशीन चालवून दाखवायचं. चाललं तर यात्रेला बसवू. एकदा जरी अडलं, तरी पुन्हा हा विषय काढायचा नाही.

आणि मशीन अडत होतं. एका कॅमेऱ्याला ते पुरं पडे. दुसरा जोडला की पडद्यावरची घोडी हवेत थिजायची आणि मग एकदम निशाणापलीकडे उगवायची. मेमरी कमी पडत होती. रॅमच्या दोन जागांपैकी एक रिकामी होती; तिथे जोडीदार बसवला की काम होणार होतं.

“हे बघा.” तिने लाल रॅम त्या रिकाम्या जागेवर नुसती धरली. “पट्टीच्या खालच्या कडेला ही खाच आहे ना? आणि इथे आत हा उंचवटा. ते समोरासमोर यायला हवेत. येत नाहीत.”

तात्या वाकले. एक डोळा मिटून त्यांनी बघितलं. “वाईच सरकलंय. ठोकून बसंल.”

“तात्या, मुद्दामच सरकवलंय. कुणी ठोकून बसवू नये म्हणून.”

“आपल्यासारकी मानसं त्या कंपनीवाल्यांनी बघितलेली दिसत्यात,” तात्या म्हणाले, आणि लाकडी हातोड्याकडे गेलेली नजर त्यांनी परत आणली.

कॅबिनेट पिकअपमध्ये कडब्याच्या पेंढ्यांमध्ये नीट बसवून दोघं ओतूरला गेली. इरफानचं दुकान एसटी स्टँडच्या समोरच्या गल्लीत होतं. तात्या पायरी चढताना दिसताच त्याने दोन्ही हात वर केले.

“मॅडम, मी विचारलं होतं यांना! थ्री का फोर, नीट आठवून सांगा म्हटलं. तर मलाच म्हणाले, तीन दाती दाखवून कुणाला फसवतोस रं?”

“म्हणलो व्हतो,” तात्यांनी मान्य केलं. “ती परत घे आन हिला पायजे ती दे.”

इरफानने लाल रॅम निमूटपणे परत घेतली. पण डेस्कटॉपची थ्री त्याच्याकडे नव्हती. आता ती कोणी फारशी घेत नाही, पुण्याहून मागवावी लागेल, म्हणाला, आणि यात्रेआधी काही ती यायची नाही. त्याने खण उपसला. एक निघाली, पण लॅपटॉपची, लांबीला निम्मी.

“हे शिंगरू हाय,” तात्या म्हणाले. “ठेव परत.”

तळातून आणखी एक निघाली. लांब, हिरवी, थ्रीच. तात्यांचा चेहरा उजळला. इरफानने टेबलावर कॅबिनेट उघडून ती रिकाम्या जागेत दाबली. खाच उंचवट्यावर आली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या कट्कन मिटल्या.

“बसली की!”

“थांबा, तात्या.” तेजस्विनीने पट्टीवर एका रांगेत लावलेल्या काळ्या चिप मोजल्या होत्या. एक जास्त होती. “ही सर्व्हरची असणार. आपल्या मशीनला चालायची नाही.”

“मलापण तेच वाटतंय,” इरफान म्हणाला, “पण लावून बघायला काय जातंय?” त्याने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला, आणि कॅबिनेटमधून टी, टी, टी असा आवाज सुरू झाला.

तात्या विचारात पडले. “म्हंजी जू मानेवर घेतोय, पण पाऊल उचलत न्हाई.”

“अगदी तसंच,” तेजस्विनी म्हणाली.

“असा एक सोयऱ्यांकडून आणला व्हता आमी. दिसायला राजा. गाड्याला जुंपला की तिथंच बसायचा.” त्यांनी रॅमकडे जुन्या ओळखीच्या रागाने पाहिलं. “काढ ती.”

इरफानने ती काढली, आणि ती हातात तशीच धरून तो थांबला. काहीतरी आठवल्याचा आणि ते बोलावं की नाही असा चेहरा झाला त्याचा.

“मॅडम, हे मशीन दूध डेअरीतलं ना? डेअरीनं एका खेपेला दोन घेतली होती. जुनी झाली तेव्हा विकली. एक तुमच्याकडे आलं. दुसरं मीच दुरुस्त करून दिलंय. त्याच्यात दोन पट्ट्या आहेत, आणि दोन्ही तुमच्या पट्टीच्या सख्ख्या बहिणी. नंबरसकट.”

“कुणाकडे आहे?”

इरफानने तात्यांकडे न बघता सांगितलं, “श्रेयाताईंकडे. ब्लाऊजवरच्या मशीन एम्ब्रॉयडरीची डिझाइनं करतात ना त्या. जानकूआबांच्या सूनबाई.”

गल्लीतून एक ट्रॅक्टर गेला. तात्यांनी कॅबिनेटचं झाकण लावून टाकलं.

“त्याच्या दारात मी जानार न्हाई,” मग म्हणाले. “ज्याचं घड्याळ बंद करायला निघालो, त्याच्याकडंच हात पसरू? त्यापरीस मशीन न्हाई चाललं तरी चालंल.”

तेजस्विनीला मात्र चालणार नव्हतं. दोघं परतीच्या वाटेला लागली. कांद्याच्या वखारी मागे पडत होत्या. मग ती अगदी सहज, जणू विषय बदलावा तशी म्हणाली, “तात्या, परवा तुमच्या गाड्याचा एक बैल लंगडला तर काय कराल?”

“काय करनार? जुगलबंदी. दुसऱ्याचा मागायचा.”

“कुणाचाही?”

“ज्याचा जोडीला लागंल त्याचा.”

“आणि ज्याच्याशी बोलणं नाही, त्याचाच जोडीला लागत असला तर?”

तात्यांनी मान वळवली. त्यांना डाव कळला होता. पण नियम त्यांच्याच तोंडचा होता, आणि तो घाटातल्या सगळ्यांनाच पाठ होता. चार बैल आणि घोडी एका दावणीला असणारी घरं थोडी. कमी पडला तर दुसऱ्याकडून मागायचा. यात्रेसाठी मागितलेला बैल नाकारायचा नाही, भांडण असेल ते दाराबाहेर ठेवायचं; आणि बैल देणाऱ्याचं नाव माइकवरून गाडामालकाच्या बरोबरीने पुकारायचं.

“म्हंजी बैल म्हनून मागायची व्हय ती पट्टी,” तात्या हळूहळू म्हणाले. मग त्यांच्या मिशा हलल्या. “त्याला न्हाई म्हनता येणार न्हाई. लई चरफडंल.” त्यांनी गाडी तिथल्या तिथे वळवली.

जानकूआबा ओढ्यापलीकडे राहत. अंगणात बसून ते बैलाच्या शिंगांना तेल लावत होते. तात्यांना बघून त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली नाही आणि मानही वर केली नाही.

“ये पोरी,” ते तेजस्विनीला म्हणाले. “कुणाला घेऊन आलीस?”

“आबा, तात्या आलेत.”

“असं व्हय. तुज्या तात्याला इचार, वाट चुकलं का काय?”

“त्याला सांग,” तात्या म्हणाले, “सावळाराम वाट चुकत न्हाई. जुगलबंदीला आलाय.”

आबांचा हात शिंगावर थांबला. जुगलबंदी म्हटल्यावर माणसाकडे बघून बोलावंच लागतं. त्यांनी पाहिलं. “कंचा पायजे? कंच्या जोडीला, कांड्याच्या का जुकाटाच्या?”

“मागच्या खोलीतला.”

“मागच्या खोलीत बैल न्हाई. सून हाय.”

तेजस्विनीने मग सगळं सांगितलं. दोन कॅमेरे, एक रिकामी जागा, दोन सारखी मशीनं. काही लपवलं नाही. हे मशीन चाललं तर आबांचं घड्याळ खिशात जाणार, हेही सांगितलं. आबांनी ते बाजारात दाम ऐकावं तसं, चेहरा कोरा ठेवून ऐकलं. दारात येऊन उभी राहिलेली श्रेया मात्र पदर तोंडाला लावून हसत होती.

“आसं हाय तर,” आबा म्हणाले. “माझंच घड्याळ बंद करायला माझाच बैल.”

“नायतर न्हाई म्हन,” तात्या आकाशाकडे बघत म्हणाले. “परवा घाटात सांगंन समद्यास्नी, जानकूनं मागितलेला बैल दिला न्हाई.”

“मी कुटं न्हाई म्हणलं? पर माज्या अटी ऐक.” आबांनी बोटं पुढे केली. “बैलाला मारायचं न्हाई. कायदा हाय आता. उनात बांदायचा न्हाई. यात्रा संपली की दिवे लागायच्या आत दावनीला परत. आन नाव पुकारायचं. माझा बैल समद्याच बाऱ्यांना पळनार, तर नाव समद्याच बाऱ्यांना.”

“समद्या?” तात्या ओरडले.

“आबा, कबूल,” तेजस्विनी म्हणाली.

श्रेयाने तिला आत नेलं. दोघींनी मशीन उघडून पट्टीवरचं लेबल वाचलं. कंपनी, मापं, वेग, व्होल्ट, सगळं आकड्याला आकडा जुळलं. तेजस्विनीच्या जिवात जीव आला. पण ती पट्टी काढायला हात लावणार एवढ्यात आबा दारातून म्हणाले, “आज न्हाई. सांज झाली. तिन्हीसांजंला माजा बैल दुसऱ्याच्या गोठ्यात जात न्हाई. उद्या पाठवतो. माज्या रीतीनं.”

शेवटच्या दोन शब्दांवर तेजस्विनीने जरा लक्ष द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना देवळापुढे सगळी कमिटी जमली. जाजम पडलं, चहा फिरला. टेबलावर कॅबिनेट उघडं ठेवून तेजस्विनी वाट बघत होती. तेवढ्यात ओढ्याकडून हलगी ऐकू आली.

पुढे हलगीवाला, मागे कोरी टोपी घातलेले जानकूआबा, आणि त्यांच्या मागे दोन्ही हातांत पितळी ताट घेतलेली श्रेया. ताटात खण, खणावर रॅम. रॅमवर आधी हळदकुंकू वाहिलं होतं, मग मूठभर भंडारा उधळला होता, आणि वर बारीकसा झेंडूचा हार. पट्टी मुळात हिरवी होती, हे तेजस्विनीला आठवत होतं म्हणून कळत होतं. आता ती पिवळीधमक होती. तिच्या खालच्या कडेला जे सोन्यासारखे दात असतात, ज्यांतून सगळा प्रवाह जातो, त्यांच्या फटीफटीत हळद बसली होती.

“मी म्हटलं होतं, नुसतं ओवाळा,” श्रेया ताट ठेवताना कुजबुजली. “तर मामंजी म्हणाले, अर्धवट पूजा केलेला बैल मी आजवर पाठवला न्हाई.”

तेजस्विनीने आबांकडे पाहिलं. आबा देवाकडे बघत होते. चेहऱ्यावर भक्ती होती. डोळ्यांत दुसरंच काहीतरी असावं, पण कोन असा साधला होता की तिला ते दिसू नये.

सगळ्यांसमोर ती पट्टी झटकत बसली असती तर भंडारा झटकला म्हणून आणखी एक तक्रार झाली असती. तिने हार उतरवून देवापुढे ठेवला, हळूच फुंकर घातली आणि पट्टी जागेवर दाबली. बटण दाबलं.

टी, टी, टी.

जाजमावर एकदम हशा उठला. “आमचा बैल नवख्या दावनीत वाईच बुजतो,” आबा खेदाने म्हणाले. “पर तुमी ठरवलं व्हतं ना, अडलं की संपलं?”

कुणीतरी जाजमावरून उठायलाही लागलं. तेजस्विनीने बटण बंद केलं. तिच्या वर्षाच्या कामाचा निकाल असा तीन आवाजांत लागत होता.

“बस खाली!” तात्या गरजले. “संपलं कशानं? गाडा सुटलाय का? अजून जुंपनं चाललंय. जुंपताना बैल बुजला तर बारी मोजायची न्हाई, ह्यो घाटाचा नेम हाय का न्हाई? जानकू, तूच सांग. इतकी वर्सं घड्याळ तुज्या हातात व्हतं.”

आबांना नियम माहीत होता. त्यांनी मान हलवली. नाइलाजाने हलवली, पण हलवली.

तेजस्विनीने पट्टी काढली. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवली. मग पर्समधला खोडरबर काढला. पोरांच्या पेपरांसाठी तो नेहमी तिच्याजवळ असे. पट्टी कडेने धरून ती एकेका दातावरून रबर ओढू लागली. हळदीच्या वळ्या जाजमावर पडल्या आणि खालचं सोनं लखलखीत दिसू लागलं. सगळे मान पुढे काढून बघत होते.

“दात घासतीया,” कुणीतरी म्हणालं.

“खरारा म्हन.”

जागेतली हळद तिने सायकलच्या पंपाने उडवली. अर्धी तिच्याच पदरावर आली. पट्टी पुन्हा बसवली, खिट्ट्या मिटल्या, बटण दाबलं. पंखा फिरला. मग पडदा उजळला, आणि मेमरीचा आकडा दुप्पट दिसला.

देवळापासून वडापर्यंत एक मोटरसायकल पळवली, तिची वेळ काढली, पुन्हा पळवली, पुन्हा काढली. मशीन कुठेही थिजलं नाही. कमिटीला दुसरं काही बोलायला जागा उरली नाही.

यात्रेच्या दिवशी घाट माणसांनी फुलून गेला होता. निशाणाजवळच्या मांडवात, सावलीत, अटीप्रमाणे उन्हात नाही, तेजस्विनी मशीनपुढे बसली होती. निवेदकाच्या हाती माइक होता आणि त्याला नवा शब्द सापडला होता. प्रत्येक बारीला तो गाडामालकाचं नाव घ्यायचा, जुगलबंदीतल्या बैलवाल्याचं घ्यायचा, आणि मग आवाज चढवून म्हणायचा, “आनि रॅममालक, पिंपरी पेंढारचे, मानाचे, जानकूआबा!” प्रत्येक वेळी आबा टोपी उचलून मान द्यायचे. बाऱ्या जात होत्या, आकडे पडद्यावर येत होते, लोक ते वाचून आपापसात बोलत होते, आणि कुणी काही तक्रार केली नाही. फक्त सावळारामतात्या दर बारीला जरा जास्त लाल होत होते.

मग त्यांचीच बारी आली.

गाडा सुरेख सुटला. घोडी कुठेही कडेला गेली नाही, सरळ धावली. मागचे चारही एका पावलात. भंडाऱ्याचा ढग उठला, गर्दी उभी राहिली. बारा सेकंदांपर्यंत येईल तो पहिल्या नंबरात, असा यंदाचा नेम होता. पडद्यावर आकडा आला. बाराच्या वर, अगदी निसटता. पापणी लवायला लागतो तेवढा वेळसुद्धा नाही.

“नंबर दुसरा!” निवेदक म्हणाला, आणि जरा चाचरत पुढे म्हणाला, “रॅममालक...”

तात्या मांडवात शिरले तेव्हा जानकूआबा आधीच तिथे होते. त्यांनी खिशातून घड्याळ काढून तात्यांपुढे धरलं. इतक्या वर्षांची सवय. ते खिशातल्या खिशात अंगठा दाबत राहिले होते. घड्याळावर बाराच्या आतला आकडा होता.

“बघ राव,” आबा कळवळून म्हणाले. “माज्या अंगठ्यानं तुला पयल्यात बसवला व्हता. पर माजं ऐकतंय कोन आता.”

तात्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग त्यांचं बोट कॅबिनेटकडे गेलं.

“ही रॅम त्याची हाय! बैल कुनाच्याबी गाड्याला जुंपा, मालकाचा आवाज आला की कान तिकडं वळतोच. सकाळधरनं माइकवर ह्याचं नाव चाललंय. मग ती ह्याच्या अंगानं बोलनार न्हाई तर काय? मी अध्यक्ष हाय. मला हे मशीन मान्य न्हाई!”

लोक हसले. पण सगळे नाही. घाटावर ज्यांची हयात गेली होती अशा काहींनी माना डोलावल्या. बैलाच्या कानाची गोष्ट खोटी नव्हती. खाली पुढचा गाडा जुंपून तयार होता, बैल खूर आपटत होते, आणि अध्यक्षानेच मशीन नाकारलं तर पुढची बारी पुन्हा अंगठ्यावर जाणार हे तेजस्विनीला लख्ख दिसत होतं. मेमरीला मालकाची ओळख नसते, हे ती फळ्यावर सिद्ध करू शकली असती. पण इथे फळा नव्हता, आणि तात्यांना फळ्याने पटलं असतं तर तीन दातीसुद्धा पटली असती.

ती उठली. “बरोबर आहे, तात्या. शंका आली की बैल बदलायचा.”

“म्हंजी?”

“तुमच्या बारीचं चित्र मशीनमध्ये साठवलंय. ते या रॅममध्ये नसतं, दुसरीकडे असतं. आबांची रॅम काढते. राहील ती आपल्या घरची, पहिल्यापासूनची. तिच्याकडून परत वेळ काढू.” तिने मशीन बंद केलं. “तुम्हीच काढा. पत्र्याला हात लावा आधी.”

तात्यांनी पत्र्याला हात लावला, जपून दोन्ही खिट्ट्या उघडल्या आणि पट्टी बाहेर काढून आबांच्या तळहातावर ठेवली. आबांनी ती टोपीत ठेवली. मशीन सुरू झालं.

एका पट्टीवर ते कण्हत कण्हत उठलं. तेजस्विनी तात्यांच्या बारीची चित्रं उघडून एकेक करून पुढे सरकवू लागली. खालच्या रेषेवर घोडीचं तोंड. थांबलं. बऱ्याच वेळाने पुढचं चित्र आलं. थांबलं. कडेला मोजणी वाढत होती. घोडीचा एक पाय उचलला गेला, तो खाली टेकेपर्यंत कुणीतरी शेंगदाण्याची पुडी संपवली. मांडवात माणसं दाटली. खालून हाका येत होत्या, काय चाललंय वर? निवेदकाने माइकवरून सांगितलं, “सावळारामतात्यांची बारी अजून चालूच आहे!” आणि घाटभर हसू पसरलं.

तात्या हसले नाहीत. ते वाकून, एक डोळा मिटून बघत होते. आपले बैल त्यांनी इतके सावकाश कधी पाहिले नव्हते. जुकाटाच्या जोडीतला उजवा बैल मध्ये एकदा बाहेरच्या अंगाला ओढत होता. तेही त्यांनी पाहिलं. शेवटी घोडीचं नाक निशाणाला लागलं, आणि मोजणी थांबली. बाराच्या वर. तोच आकडा, शेवटच्या टिंबापर्यंत तोच.

“ही आपली घरचीच आहे, तात्या,” तेजस्विनी हळूच म्हणाली.

तात्या सरळ झाले. सगळा मांडव त्यांच्या तोंडाकडे बघत होता, आणि तेजस्विनी तर सगळ्यांत जास्त. त्यांनी टोपी काढली, पण समजवायला समोर कुणी चुकलेलं नव्हतं. ती तशीच हातात फिरवत ते म्हणाले, “ह्यो उजवा भाईर वढतोय. मी त्याला कवापासनं म्हनतोय.” आणि मग जानकूआबांकडे न बघता हात पुढे केला. “आन तो तुजा बैल हिकडं. घरच्या पट्टीवर हारायला दिवस जातोय राव. लोकास्नी चटाचटा हारू दे.”

आबांनी टोपीतून रॅम काढली. तेजस्विनीने ती बसवली, मशीन उठलं, दोन्ही कॅमेरे उघडले. माइक निवेदकाच्या हातात होता. तो हसत हसत कुणाशी तरी बोलत होता. तिने तो काढून घेतला.

“पुढची बारी,” ती म्हणाली. “सोडा.”

खाली गाडा सुटला.